जस्ताचं दूध

१

ज्यांनी मरायला हवं होतं ते सगळे जिवंत सापडले, आणि त्यामुळेच वृंदावर बालंट आलं.

जिवंत सापडल्या होत्या त्या कॅन्सरच्या पेशी. प्लॅस्टिकच्या तबकडीत करंगळीच्या नखाएवढे खण असतात, त्यांत त्या वाढवलेल्या होत्या. गुरुग्रामच्या पुढे मानेसरच्या रस्त्यावर 'जीवनिका' नावाची संशोधन संस्था आहे, तिथं वृंदा पीएचडी करत होती. जस्ताच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण कॅन्सरच्या पेशींना कसे मारतात, हा तिचा विषय. तिचा निबंध छापून आला, चार लोकांत नाव झालं. मग बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती आली आणि म्हणाली, आता आमच्यासमोर करून दाखवा.

वृंदानं करून दाखवलं. एक पिवळं रसायन असतं; जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मेलेल्या काहीच करत नाहीत. समितीसमोर तबकडी आली ती गोकर्णाच्या फुलांसारखी जांभळीगर्द. वर दोन-तीन खणांत बुरशीचे ठिपकेही होते. समितीतलं कोणी वाकडं बोललं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा भेटू, तोवर आधीच्या निकालांबद्दल काही सांगायचं असेल तर विचार करून ठेवा, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याचा अर्थ कळायला पीएचडी लागत नाही.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या घरी ती आली ती पायातले बूट न काढताच स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली. हे घर तिच्या काका-काकूंचं. साताऱ्याहून दिल्लीला आल्यापासून ती इथंच राहत होती. सुधन्वाकाका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि चंद्रप्रभाकाकू सरकारच्या अन्न तपासणी प्रयोगशाळेतून. दुधात कोणी काय मिसळलं हे ओळखण्यात काकूंचा सारा जन्म गेला होता. गेल्या वर्षी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मागोमाग केमो. केस आत्ता कुठं परत यायला लागले होते, म्हणून घरातही डोक्याला सुती रुमाल असे. जानेवारीत डॉक्टरांनी काखेत नवी गाठ असल्याचं सांगितलं आणि पुन्हा केमोचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी शांतपणे नको म्हणून सांगितलं होतं. त्या दिवसापासून घरात तो विषय बंद होता.

वृंदानं सगळं सांगितलं. काकांनी तिघांसाठी चहा केला, तिच्या हातात कप दिला आणि स्वतःचा तसाच ओट्यावर ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकूंनी तिला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "मला एकच सांग. आधीच्या वेळी त्या पेशी खरंच मेल्या होत्या?"

"काकू, तूसुद्धा?"

"मी विचारलं. तू उत्तर दे."

"मेल्या होत्या. दर वेळी."

"मग या वेळी त्यांना जस्त मिळालंच नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुझे कण ज्या बाटलीत आहेत, त्यातलं थोडं मला आणून दे."

२

संस्थेतल्या ज्या यंत्रावर असे कण तपासतात ते दुरुस्तीला गेलं होतं. नमुना बाहेर पाठवायचा तर अहवाल यायच्या आत सोमवार उलटून जाणार. खरं म्हणजे बाटलीवर कोणाचा संशयच नव्हता. लेबलावर वृंदाचंच अक्षर होतं. तळाशी गाळ जरा लवकर बसतो आहे असं तिला वाटलं होतं, पण बाटली जुनी, कण एकमेकांना चिकटले असतील असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं औषधाच्या लहान शिशीतून ते आणलं. दिसायला पाणी घातलेल्या दुधासारखं. चंद्रप्रभाबाईंनी ते दोन वाट्यांत ओतलं आणि ओट्यावरची व्हिनेगरची बाटली पुढं ओढली.

"तुझे कण पेशीला मारतात कसे, ते मला पुन्हा सांग. त्या दिवशी काकांना सांगत होतीस तसं."

त्या दिवशी म्हणजे विज्ञान दिनाला. संस्थेनं घरच्या माणसांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. काका-काकू दोघंही गेले होते आणि काकांनी प्रश्न विचारून विचारून तिचे कान किटवले होते. वृंदानं पुन्हा सांगितलं. केसाच्या जाडीचे हजार वाटे केले तर त्यातल्या एकाएवढा हा कण. पेशी त्याला अन्न समजून गिळते. पेशीच्या पोटात आंबट द्रवाच्या पिशव्या असतात. त्यात कण विरघळतो, जस्त मोकळं होतं आणि आतल्या आत निखारे पेटावेत तसं होऊन पेशी जळून जाते. कॅन्सरच्या पेशी अधाशी, त्या जास्त गिळतात आणि जास्त मरतात. चांगल्या पेशी बऱ्याचशा वाचतात.

"म्हणजे आंबटात विरघळतो," काकू म्हणाल्या. "मग खऱ्या जस्ताच्या दुधात व्हिनेगर घातलं तर काय व्हायला हवं?"

"हळूहळू पाण्यासारखं स्वच्छ."

काकूंनी पहिल्या वाटीत चमचाभर व्हिनेगर घातलं. सुधन्वाराव दारात उभे राहून बघत होते. वाटीतलं दूध फसफसलं. साबणासारखा फेस वर आला, आणि तो बसल्यावरही खाली गढूळ पाणी उरलंच.

काकूंनी औषधांच्या डब्यातून आयोडीन काढलं आणि दुसऱ्या वाटीत एक थेंब टाकला. तो थेंब पडला तिथं शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग पसरला.

"फेस आला म्हणजे खडूच्या जातीचं काहीतरी. कॅल्शियम कार्बोनेट," त्या म्हणाल्या. "निळं झालं म्हणजे त्यात स्टार्च. फळ्यावरच्या खडूत स्टार्च कशाला असेल? चुन्यात नसतो, रांगोळीत नसतो. गोळी घट्ट बांधायला मात्र लागतो. कोणीतरी कॅल्शियमच्या गोळ्या कुटून तुझ्या बाटलीत भरल्यात, पोरी. आणि तुझं जस्त घेऊन गेलंय."

मग त्यांनी मागं वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. काका आपल्या खोलीत जाऊन पडले होते. चार दिवस पोट बरं नाही म्हणत होते. पहाडगंजला जुन्या सहकाऱ्यांबरोबर छोले-भटुरे खाल्ले ते बाधले, असं त्यांचं म्हणणं.

३

कॅल्शियमच्या गोळ्यांवरून माणूस शोधणं म्हणजे दिल्लीच्या हवेत धूळ शोधण्यासारखं. पन्नाशीपुढच्या निम्म्या बायका त्या घेतात, चंद्रप्रभाबाई स्वतःही घेत होत्या. पण चोराबद्दल एवढ्यावरूनही बरंच कळत होतं. वृंदाच्याच कपाटात टायटॅनियमच्या ऑक्साइडची बाटली होती. दिसायला जस्तासारखीच दुधाळ, आणि व्हिनेगर घाला नाहीतर काही घाला, हूं की चूं न करणारी. संस्थेतल्या माणसानं ती वापरली असती. शिवाय त्या बुरशीच्या ठिपक्यांचं काय? पेशींच्या जवळ जाणारी प्रत्येक वस्तू तिथं निर्जंतुक करून घेतात. या भुकटीचं तसं काही झालेलं नव्हतं.

तरीही त्यांनी कोणाला आधीच वगळलं नाही. भेसळ बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस करतो, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

पहिला मानस. वृंदाच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा, दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा. टायटॅनियमचं काम त्याचं. त्याचे कण कॅन्सरच्या पेशींना फारसं काही करत नव्हते आणि त्यामुळे त्याचा निबंध अडला होता. वृंदा पडली तर त्याची बाजू वर येणार हे उघड होतं. काकूंनी त्याला गुरुवारी रात्री घरी जेवायला बोलावलं. पोरगा आमटीचं कौतुक करत होता, पण बाटलीचं नाव निघालं की भाताकडे बघायचा. शेवटी काकूंनी त्याला सरळ विचारलं, वृंदाच्या वस्तूंना तू हात लावलास का.

"लावला," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "काकू, सच बोलू? वृंदाला सांगू नका, प्लीज. समिती गेल्यावर मी तिची नवी बाटली घेतली, तिला न विचारता. तिचाच एक्सपेरिमेंट पुन्हा केला. मला बघायचं होतं, ती खोटी आहे की नाही."

"मग?"

"सगळ्या मेल्या. बिल्कुल साफ. ती खोटी नाही."

"हे समितीला का नाही सांगितलंस?"

त्यानं सांगितलं की परवानगीशिवाय दुसऱ्याचं साहित्य वापरलं तर त्याच्यावरच कारवाई होते. आणि मग तिला वाटलं असतं की त्याचा तिच्यावर विश्वास नव्हता. हे दुसरं कारण त्याला पहिल्यापेक्षा जास्त जड जात होतं, हे काकूंना दिसलं. त्यांनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. चोर म्हणून तो त्यांच्या मनातून उतरला. ज्यानं बाटलीतलं दूध बदललं त्याला वृंदा खरी की खोटी हे तपासून बघायची गरज पडली नसती.

जाता जाता मानस एक सांगून गेला. जुनी आणि नवी, दोन्ही बाटल्या बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये असतात. त्या खोलीला कायम कुलूप असतं. ती एकदाच उघडी राहिली होती, विज्ञान दिनाला, पाहुणे आले होते तेव्हा, दुपारी सगळे हिरवळीवर चहा घेत होते त्या वेळात. आणि त्या पाहुण्यांत एक माणूस असा होता, ज्यानं वृंदाकडे ती बाटली चक्क मागितली होती.

४

त्या माणसाचं नाव अनिश. गुरुग्रामच्या एका औषध कंपनीत नव्या संशोधनावर नजर ठेवणं हे त्याचं काम. चंद्रप्रभाबाईंनी त्याला फोन केला, मी वृंदाची काकू म्हणून ओळख दिली आणि हिंदीत विचारलं, तुम्ही नमुना मागितला होता तो कशाला. तो मोकळेपणानं हसला. म्हणाला, मागितला होता आणि वृंदाच्या गाइड डॉक्टर अरुणांनी नाही म्हटलं, बात खतम. वृंदाची कृती छापलेलीच आहे, तसे कण आमच्या लॅबमध्ये आठवड्यात तयार होतात. आम्हाला हवी होती ती वृंदा, नोकरीला. बाटली घेऊन मी काय करणार, आंटीजी, चमचाभर दूध आहे ते.

ते पटण्यासारखं होतं. तरी फोन ठेवल्यावर त्याचा शेवटचा शब्द बाईंच्या डोक्यात फिरत राहिला. चमचाभर दूध. शास्त्रज्ञाला चोरून नेण्यासारखं त्यात खरंच काही नव्हतं.

राहिल्या त्या मार्गदर्शक डॉक्टर अरुणा. त्या काकूंच्याच वयाच्या. त्यांनी काकूंना आपल्या खोलीत बसवलं, डोक्याच्या रुमालाकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली, वारा लागू नये म्हणून. समितीसमोर जुनीच बाटली वापरायची हे कोणी ठरवलं, असं काकूंनी विचारलं. अरुणाबाई म्हणाल्या, समितीनंच. निबंधात जी होती तीच हवी असा त्यांचा आग्रह होता, आणि तो आदल्या दिवशी कळला. एरवी आम्ही ती कधीच बाजूला ठेवली होती. नवी आल्यावर जुनीला कोण विचारतं.

बोलता बोलता अरुणाबाईंनी टेबलाच्या खणातून एक डबी काढली, गोळी तोंडात टाकली.

"कॅल्शियम," त्या हसून म्हणाल्या. "हाडं बोलायला लागली आता."

चंद्रप्रभाबाईंनी हात पुढं केला. "एक मला द्याल?"

गोळी तळहातावर पडली. ती नारिंगी होती. संत्र्याच्या वासाची, चघळायची. तिचं दूध केलं असतं तर ते केशरी झालं असतं.

परतीच्या कॅबमध्ये बाईंनी डोळे मिटले आणि सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. वृंदाचं वाईट करायचं असतं तर चोरानं बाटली सांडली असती, नाहीतर तिच्यात काही मिसळलं असतं. यानं तसं केलं नाही. काढून घेतलं आणि त्याजागी तसंच दिसणारं भरून ठेवलं, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. तेही जुन्या बाटलीत, जी टाकून देतील असं बाहेरच्या कोणालाही वाटलं असतं. म्हणजे वृंदाला त्रास होऊ नये याची त्यानं आपल्या परीनं काळजी घेतली होती. भुकटी आधीच खिशात घालून आला होता, म्हणजे बेत घरून ठरलेला. शास्त्रज्ञाला नको असलेलं चमचाभर दूध त्याला हवं होतं. कशाला? चमचाभर दूध कशासाठी लागतं माणसाला?

पाजायला.

बाईंनी डोळे उघडले. हायवेवर टोलच्या पुढची गर्दी लागली होती आणि त्यांना एकदम घरी पोचायची घाई झाली.

५

घरात शांतता होती. सुधन्वाराव आतल्या खोलीत झोपले होते. चंद्रप्रभाबाईंनी औषधांचा डबा उघडला. कॅल्शियमची नवी पट्टी त्यांनी विज्ञान दिनाच्या आधीच आणवून घेतली होती. एवढ्यात संपायला नको होती, पण ती जवळजवळ रिकामी होती. आणि गेले काही दिवस दुपारची गोळी सुधन्वारावच हातावर आणून देत होते, पट्टी बाईंच्या दृष्टीस पडू न देता.

त्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशीची हिरवळ त्यांना आठवली. समोसे, कागदी कप, आणि चहा म्हटलं की सर्वांत पुढं असणारा आपला नवरा सगळ्यांचा चहा संपल्यावर आला होता. बाथरूम सापडत नव्हतं म्हणाला होता. आपण हसलो होतो.

आणि आता त्याला चहा नकोसा झाला होता. सकाळी मळमळत होतं. भटुरे एवढे दिवस बाधत नाहीत.

त्या आतल्या खोलीत गेल्या. ते जागेच होते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"अहो, चहा कसा लागतो तुम्हाला हल्ली?"

"पितळेचं भांडं चाटल्यासारखा."

"रोज किती घेताय?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पानिपतावर शिकवतानाही, त्या रणभूमीवरच्या काला अंब स्मारकापाशी मुलांना नेऊन उभं केल्यावरही, हरलो ते कसं हरलो हे स्वच्छ सांगणारे मास्तर होते ते.

"एक चमचा. सकाळी, तू उठायच्या आधी." ते उठून बसले. "तुला द्यायच्या आधी मला बघायचं होतं, माणसाला काही होतं का ते. मला काही झालं नाही तर मग तुझ्या दुधातून द्यायला सुरुवात करणार होतो."

बाई पलंगावरून उठल्या.

"वृंदा रडत होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांदेखत. तिचं नाव जात होतं, आणि तुम्ही चहा करून देत होतात."

"रविवारी सांगणारच होतो मी. समितीच्या आधी. फक्त थोडे दिवस हवे होते." त्यांचा आवाज खाली आला. "तिचं नाव परत मिळालं असतं, चंद्रा. तू परत मिळाली नसतीस."

मग ते सांगत राहिले, अडखळत. जानेवारीतच त्यांनी वृंदाला विचारलं होतं, हे माणसांना कधी देणार. ती हसून म्हणाली होती, काका, वीस वर्षं तरी. वीस वर्षं कोणाकडे होती? चंद्रानं केमो नको म्हटलं होतं. तिच्या मनाविरुद्ध तिला नेता येत नव्हतं. मग नुसतं बघत बसायचं? टाकून द्यायच्या बाटलीतलं तेवढं दूध घेतलं तर कोणाचं काय जाणार होतं, असं त्यांना वाटलं.

"मी नको म्हटलं ते कशासाठी, ठाऊक आहे तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही त्या वॉर्डाबाहेर लोखंडी बाकावर बसल्या बसल्या झोपायचात. मान एकीकडे, डबा मांडीवर. नर्स म्हणाली, बाबूजी गिर जाएँगे. तुमच्या गुडघ्यांना ते जिने पुन्हा चढायला लावायचे नव्हते मला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी बोललात?"

दारात कसलासा आवाज झाला. वृंदा उभी होती, खांद्यावरची बॅग तशीच. ती कधी आली होती, तिनं कुठून ऐकलं होतं, कोणालाच कळलं नव्हतं.

६

वृंदा ओरडेल असं काकांना वाटलं होतं. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली आणि तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं. पोटात दुखतं का, उलटी झाली का, लघवीला नीट होतं का, असं एकेक विचारत गेली. उत्तरं ऐकून झाल्यावर तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि रक्त तपासायची वेळ ठरवली. त्यानंतरच तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"काका, बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानंही मरतात," ती म्हणाली. "मारणं सोपं आहे. काकूच्या अंगात शिरून फक्त त्याच पेशी गाठणं, ते कोणाला जमलेलं नाही. आणि तुम्ही प्यायलात. माणसाच्या पोटातच आम्ल असतं. ते कण तिथंच विरघळले. काकूच्या गाठीपर्यंत त्यातला एकही गेला नसता."

सुधन्वारावांनी मान हलवली. त्यांनी विचारलं, "म्हणजे काहीच उपयोग झाला नसता?"

"नुसता त्रास झाला असता. तिलाही."

ते उठले. कपाटातल्या गरम कपड्यांच्या मागून एक लहान बाटली काढून त्यांनी तिच्या हाती दिली. अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. काकूंनी तिथंच वाटीत थेंबभर घेऊन व्हिनेगर घातलं. फेस आला नाही. दूध हळूहळू निवळत गेलं, वाटीचा तळ दिसेपर्यंत. तिघंही वाकून ते बघत होते.

सोमवारी सुधन्वाराव इस्त्रीचा कोट घालून समितीसमोर उभे राहिले. त्यांनी काय केलं, कधी केलं आणि कशासाठी केलं ते हिंदीत सांगितलं, आपल्या वयाची किंवा बायकोच्या आजाराची सवलत न मागता. मानसनंही हात वर करून आपलं सांगून टाकलं. वृंदानं त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचं वाक्य तो विसरला. समितीनं परत आणलेल्या बाटलीतून प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी तबकडीत जस्ताचे खण पिवळेच राहिले आणि ज्यांत जस्त नव्हतं तेवढेच जांभळे झाले. संस्थेनं फ्रिजला वेगळं कुलूप लावलं आणि मास्तरांना पुन्हा आत पाऊल टाकायला बंदी केली. मानसला लेखी समज मिळाली. डॉक्टर अरुणा मास्तरांवर पुष्कळ रागावल्या. मग त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला स्वतः गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते असं वृंदानं नंतर सांगितलं. रक्ताचे अहवाल ठीक आले. चहाची चव परतायला मात्र वेळ लागला.

होळी झाल्यावर चंद्रप्रभाबाईंनी केमोला सुरुवात केली. अट एकच घातली. वॉर्डाबाहेर आळीपाळीनं बसायचं, एक दिवस काका, एक दिवस वृंदा, आणि वृंदाला जमलं नाही तर मानस. मानसला दर वेळी जमत होतं, वृंदाला जमत असलं तरीही.

पहिल्या दिवशी मात्र सुधन्वारावांनी कोणालाच येऊ दिलं नाही. परतताना कॅबमध्ये बाईंनी डोकं मागं टेकवलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. धौला कुआंच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि बाहेर शेवरीची तांबडी फुलं रस्त्यावर पडून चाकांखाली चिरडली जात होती.

"पहिला चमचा घेतलात तेव्हा काय वाटलं तुम्हाला?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"भीती वाटली," ते म्हणाले. "चमचा तोंडाशी नेला आणि हात थांबला. आत गेल्यावर हे काय करेल, कुठं जाईल, काही कळत नव्हतं. मग मनात आलं, तू मागच्या वर्षी प्रत्येक केमोला हेच करत होतीस. आणि मी बाहेर बसून तुला म्हणत होतो, काही होत नाही, घेऊन टाक."

बाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नुकतेच कुरळे केस यायला लागलेलं आपलं उघडं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. हे केस आता पुन्हा जाणार होते. गाडी सुटायला अजून वेळ होता.